एक घमेलं जास्तीचं

काचकारखान्यातल्या भट्टीवाल्या म्हाताऱ्याचा स्वभावच संशयी. दूध दाट असलं तर तो विचारायचा, आज यात काय मिसळलंय? अशा माणसाला जावई मिळाला तोही त्याच कारखान्यातला, काचेचं मिश्रण तोलणारा!

जावई दार लावून तोलायचा. वाऱ्याने पूड उडते, वजन चुकतं, असं त्याचं म्हणणं. म्हाताऱ्याला ते पटेना. वाळूची काच होते, सोड्याने ती लवकर वितळते, चुन्यामुळे पाण्यात टिकते. पण उकळता चहा ओतल्यावर तडकू नये म्हणून टाकणखार लागतो, आणि सगळ्यांत महाग तोच. दार लावून माणूस तो चोरण्याशिवाय दुसरं काय करणार? त्यातच कारखान्यातली एक काचेची किटली तडकली. झालं!

"तुझ्या नवऱ्यावर लक्ष ठेव," तो मुलीला म्हणाला.

"बाबा, तुम्ही आईच्या साबणावरही लक्ष ठेवायचात," ती हसली.

मग म्हाताऱ्याने स्वतःच उपाय काढला. जावई जेवायला गेला की तो मिश्रणात टाकणखाराचं एक घमेलं गुपचूप ओतायचा. चोराने नेलेलं भरून निघेल, मुलीचा संसारही वाचेल. पण किटल्या धुतल्या की पांढुरक्या पडू लागल्या. माल परत आला. म्हाताऱ्याने ताडलं, जावईबापू आता चुनाही लाटतायत! त्याने आणखी एक घमेलं ओतलं.

मालकाने काच तपासून घेतली. टाकणखार दुप्पट निघाला. टाकणखारात सोडाही असतो, त्यामुळे तोही वाढतो, काचेची वीण सैल होते आणि पाणी तिला खाऊ लागतं.

"कोणाची चूक? तो आजच घरी जाईल," मालक म्हणाला.

म्हाताऱ्याला आता कळलं. चोरी झालीच नव्हती. जावयाने सासऱ्याच्या पूड लागलेल्या बाह्यांकडे पाहिलं.

"माझ्या हातून झालं, साहेब."

म्हातारा तोंड उघडणार, तेवढ्यात त्याच्या मनात आलं, एवढा चांगुलपणा कशाला? यात याचा काय डाव? तो डाव शोधेपर्यंत जावई कारखान्याबाहेर पडला होता.

संध्याकाळी मुलगी सामान बांधत होती. दुसऱ्या गावी काम शोधायचं ठरलं होतं.

"बाबांना काही बोलू नकोस, असं सांगितलंय त्यांनी मला," ती म्हाताऱ्याला म्हणाली.

म्हातारा दारात बसून ढसाढसा रडला. मालकाकडे मात्र गेला नाही.