रविवारचा आवाज

शांभवीने आईच्या डाव्या काखेत हात घातला, तिला पलंगावरून ओढून उठवलं आणि खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत बसवलं. पुढे घसरू नये म्हणून कमरेभोवती एक जुना पंचा बांधला. लुळा हात उचलून मांडीवर ठेवला. केस विंचरले, कपाळाला विभूती लावली, पदर सारखा केला. मग समोरच्या स्टुलावर पाण्याच्या तांब्याला टेकवून टॅब्लेट उभा केला आणि आईचा चेहरा चौकटीच्या मधोमध येईपर्यंत तांब्या पुढेमागे सरकवला.

खुर्ची फक्त रविवारची होती. बाकीचे दिवस शांभवी शाळेत गणित शिकवायला जायची आणि सेल्वी नावाची बाई येऊन आईला पुसायची, भरवायची, कूस बदलून द्यायची. आईला पक्षाघात झाला त्यानंतरच्या पहिल्या फोनवर मेलबर्नमधल्या विश्वेशने तिला पलंगावर पडलेलं पाहिलं होतं आणि बोलता बोलता तोंड फिरवलं होतं. नंतर त्याने शांभवीला वेगळा निरोप पाठवला. अक्का, पुढच्या वेळी तिला बसवशील का? असं बघवत नाही.

विश्वेशचा फोन आला. नेहमीप्रमाणे तो आधी टॅब्लेटबद्दल बोलला. त्यानेच पाठवलेला होता तो. त्याचा माइक आपल्या नव्या फोनपेक्षा चांगला आहे, असं त्याचं मत होतं. नव्या फोनला इअरफोनचं भोक ठेवलेलं नाही, हा त्याच्या मते शुद्ध लबाडपणा होता. गाणी विकत घेऊन स्वतःजवळ ठेवावीत की महिन्याच्या वर्गणीवर ऐकावीत, यावर त्याचं आणि कविताचं, म्हणजे त्याच्या बायकोचं, भांडण झालं होतं. त्याच्या लग्नाची सीडी आता घरातल्या कुठल्याच यंत्रात चालत नव्हती. आपलं लग्न झालंय याला आता पुरावा नाही, असं कविता म्हणते, हे सांगून तो हसला. शांभवीनेही सांगितलं की टॅब्लेट मध्येच आपण होऊन तिच्याशी हिंदी बोलतो, आणि सेल्वी त्याला तमिळमध्ये झापते. दोघं भावंडं अशा गोष्टींवर कितीही वेळ बोलू शकत. आईकडे वळायला विश्वेशला वेळ लागे.

“आई,” तो शेवटी म्हणाला. “मी विशू. जेवलीस का?”

आईच्या गळ्यातून आवाज आला. खोल, लांब, ओठ न उघडता काढलेला. तंबोऱ्याची खालची तार कुणी छेडून सोडून द्यावी तसा तो खोलीभर राहिला.

“ऐकलंस?” शांभवीने विचारलं.

“काय?”

“तिने ओ दिली.”

विश्वेश पडद्याजवळ आला. त्याचं कपाळ मोठं झालं. त्याला काहीच ऐकू आलं नव्हतं. तोंडही हललेलं दिसलं नव्हतं.

“दर वेळी तू हेच सांगतेस,” तो म्हणाला. “मी तुला खोटं पाडत नाही, अक्का. तुला तसं वाटत असेल.”

मग तो कोइमतूरबद्दल बोलला. तिथल्या आजारी माणसांना सांभाळणाऱ्या संस्थेने त्याला व्हिडिओ पाठवला होता. स्वच्छ खोल्या, रात्रंदिवस नर्स, व्यायाम करून घेणारी माणसं. एक जागा महिनाअखेरपर्यंत धरून ठेवतो म्हणाले होते. शांभवीलाही स्वतःचं आयुष्य आहे, हे तो मनापासून बोलला. आणि आईला आता आपण कुठे आहोत हे कळत नसेल, तर तंजावूर काय आणि कोइमतूर काय.

“तिला तुझा आवाज कळतो,” शांभवी म्हणाली. “ज्याला आवाज कळतो त्याला घर कळत नाही का?”

आईच्या गळ्यातला आवाज चालूच होता आणि तो फक्त इकडे, या खोलीत ऐकू येत होता.

शांभवीची खात्री हवेतली नव्हती. तिने सेल्वीला अनेकदा विचारलं होतं. सेल्वीने आईच्या तोंडून कधी हूं का चूं ऐकलं नव्हतं. शांभवी स्वतः रोज संध्याकाळी आईशेजारी बसून वह्या तपासायची, मोठ्याने बोलायची, कधी चिडायची. आई छताकडे बघत राहायची. आवाज यायचा तो रविवारी, विश्वेश बोलायला लागला की. याचा अर्थ एकच होता. तो पटवून घेताना शांभवीला थोडं लागलंही होतं. करणारी ती, आणि ओ त्याला. पण ते तिने बाजूला ठेवलं, कारण आईला घरात ठेवायचं तर तोच एक आधार होता.

खालच्या मजल्यावर राहणारी हरिप्रिया बुधवारी संध्याकाळी वाटीभर चिंचेचं कुळंब द्यायला वर आली तेव्हा शांभवीने तिला हे सगळं सांगितलं. हरिप्रिया वीणा शिकवायची. तिच्या बहुतेक शिष्या परदेशात होत्या आणि तिचे वर्ग पहाटे किंवा संध्याकाळी, ॲपवर चालत. ऐकता ऐकता ती हसायला लागली.

“अगो, त्याला कसं ऐकू येईल? ॲप खाऊन टाकतं ते.”

“खातं म्हणजे?”

“त्याला फक्त माणसाचं बोलणं कळतं. एकसारखा आवाज आला की त्याला वाटतं पंखा आहे, मिक्सर आहे. पुसून टाकतं. माझ्या तंबोऱ्याला ते पंखा समजतं. प्रत्येक मुलीच्या आईला पहिल्या दिवशी सांगते, आधी तेवढं बंद करा, मग सरस्वतीला नमस्कार करा.”

तिने टॅब्लेट मागून घेतला, दोन ठिकाणी बोट लावलं आणि परत दिला. मूळ आवाज जसाच्या तसा पाठवायचं बटण होतं ते. कुणी सांगितल्याशिवाय सापडलं नसतं. मग ती पलंगाजवळ गेली, आईच्या गालाला हात लावून म्हणाली, “पावम, बिचारी मामी. इतके दिवस ओरडत्येय आणि मुलाला पंखा ऐकू येतोय.”

त्या रविवारी शांभवीने आईला नवी सुंगुडी साडी नेसवली. ब्लाऊजच्या बाहीत लुळा हात घालताना नेहमीच वेळ लागायचा. खुर्चीत बसवून होतंय तोवर फोन आला.

“अय्यो,” विश्वेश म्हणाला, “बस स्टँडवर बसला आहात का?”

त्याला पंखा ऐकू येत होता. कावळे ऐकू येत होते. रस्त्यातून जुनं लोखंड आणि प्लास्टिक मागत फिरणाऱ्या गाडीचा भोंगासुद्धा. शांभवीने फक्त हाताने खूण केली, आईकडे.

“आई,” तो म्हणाला. “मी विशू.”

आवाज आला. विश्वेशने चष्मा काढला. पडद्यावर त्याचा चेहरा इतका स्थिर झाला की फोन अडकला असं शांभवीला वाटलं.

“हे पहिल्यापासून?” त्याने विचारलं.

“पहिल्या रविवारपासून.”

“आणि मी इअरफोनच्या भोकाबद्दल बोलत बसलो.”

तो उठून गेला आणि परत आला. कोइमतूरचं राहू दे, म्हणाला. संक्रांतीला मी येतो. मग तो आईशी बोलायला लागला, आणि या खेपेला बोलण्यात कुठलंही यंत्र नव्हतं. लहानपणी पापनाशमच्या मावशीकडे जाताना गाडीत त्याला उलटी झाली होती आणि आईने ती स्वतःच्या पदरात झेलली होती. तो ते सविस्तर सांगत होता. शांभवी तोंड धुवायला आत गेली. नळ सोडून उभी राहिली तरी तिला दोन्ही आवाज ऐकू येत होते, त्याचा आणि आईचा.

ती परत आली तेव्हा आईचा हात मांडीवरून घसरून खुर्चीच्या बाजूला लोंबत होता. डावा खांदा खाली ओढला गेला होता. शांभवीने कोपराखाली तळवा धरून हात वर उचलला.

आवाज थांबला.

विश्वेश बोलतच होता. गाडीत कुणीतरी त्याला लिंबू दिलं होतं. शांभवी कोपर धरून उभी राहिली. मग तिने तळवा हळूच थोडा खाली घेतला. आईच्या गळ्यात आवाज सुरू झाला. तिने तळवा वर घेतला. आवाज थांबला. तिसऱ्यांदा तिने ते केलं नाही.

“बघ,” पडद्यातून विश्वेश म्हणाला. “मध्ये थांबते, ऐकते, मग बोलते.”

शांभवीने फोन लवकर संपवला. आईला निजवायला तिने काखेत हात घातला आणि काढून घेतला. सेल्वी कसं उचलते हे तिला माहीत नव्हतं. ती खाली जाऊन हरिप्रियाला घेऊन आली आणि दोघींनी चादरीसकट आईला उचललं. पलंगावर आई लगेच शांत झाली.

सोमवारी शांभवीने घरी थांबून व्यायाम शिकवणाऱ्या माणसाला बोलावलं. त्याने आईचा खांदा दोन बोटांनी चाचपला. हाताच्या वजनाने सांधा खाली उतरला आहे, दुखत असणार, असं त्याने तमिळमध्ये सांगितलं. हात उशीवर टेकलेला असला तर त्रास नाही. बसवलं आणि लोंबला की कळा येतात. या हाताला धरून कोण उचलतं, असं त्याने विचारलं. सेल्वीने मान हलवली. ती तर कधीच नाही.

“मी,” शांभवी म्हणाली.

गुरुवारी विश्वेशचा निरोप आला. कविताचा अजून विश्वास बसत नव्हता. तिचं म्हणणं, एका रविवारवर एवढं ठरवू नका. जागा महिनाअखेरपर्यंतच आहे आणि रविवारीच महिना संपतो. तेव्हा या रविवारी ती आणि त्यांची मुलगी दोघी ऐकतील, आणि मग तो तिथेच बसून कोइमतूरला नको म्हणून लिहील. खाली हसरा चेहरा होता. टीव्हीला नवा स्पीकर जोडला आहे, आई सगळ्या घरात ऐकू येईल.

शांभवीने तो निरोप अनेकदा वाचला. उत्तर म्हणून तिने सरी, बरं, एवढंच लिहिलं.

रविवारी तिने आईचे केस विंचरले, विभूती लावली. खुर्ची खिडकीजवळ होती. पंचा तिच्यावर घडी घालून ठेवलेला होता. शांभवी थोडा वेळ खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. मग तिने आईच्या हाताखालची उशी नीट केली, टॅब्लेट घेतला आणि पलंगाच्या कडेला बसली.

पडद्यावर तिघं सोफ्यावर ओळीने बसली होती. कविताने साडी नेसली होती. लहान मुलीने हात हलवला आणि “अज्जी” म्हणाली.

“पडूनच का?” विश्वेशने विचारलं.

“आज पडू दे.”

त्याने मान डोलावली. मुलीला ओठांवर बोट ठेवून दाखवलं. स्पीकरचा आवाज वाढवला आणि पुढे सरकून बसला.

“आई, मी विशू. बघ कोण कोण आलंय.”

आई छताकडे बघत होती. तिचं कपाळ सैल होतं. हात उशीवर उताणा पडला होता, बोटं थोडी उघडी. खिडकीबाहेर कावळा ओरडला आणि क्षणभराने तोच कावळा मेलबर्नमधल्या घरात ओरडला. मुलगी हसली. विश्वेशने पुन्हा हाक मारली, मग आणखी एकदा, मोठ्याने. कविताने त्याच्याकडे पाहिलं आणि हातातली बांगडी फिरवली.

“अक्का,” तो म्हणाला, “ते बटण बंद झालं असेल. बघतेस का जरा?”

शांभवीने पडद्याच्या कोपऱ्याकडे पाहिलं.

“चालूच आहे,” ती म्हणाली.