विमलताईंनी लावलेली सात लग्नं

तुळशीच्या लग्नाच्या दिवशी सकाळी दत्तोपंतांनी चहा मागायला तोंड उघडलं आणि आतून नुसती हवा बाहेर आली. पुन्हा प्रयत्न केला, तर दार करकरल्यासारखा एक आवाज निघाला. एवढंच.

"अरे देवा," त्यांची बहीण विमलताई म्हणाल्या. "आजच बसायचा होता का घसा?"

दोष कोणाचा म्हणावा? कोजागिरीपासून रोज पहाटे देवळात काकडा चाले, आणि वयाच्या पंचाहत्तरीतही दत्तोपंत वरच्या पट्टीतच गात. विमलताईंनी हळदीचं दूध दिलं, ज्येष्ठमध चघळायला दिलं, मिठाच्या गुळण्या करून घेतल्या. दुपारी बारापर्यंत दारच करकरत होतं.

संध्याकाळी पोशीरला जायचं होतं. तिथल्या एका आळीतल्या सात घरची तुळशीची लग्नं गेली चाळीस वर्षं दत्तोपंतच लावत. कर्जतमधले दुसरे गुरुजी आज मिळणं शक्य नव्हतं; प्रत्येकाची दहा-दहा अंगणं ठरलेली. न्यायला टेंपो घेऊन येणाऱ्या साईनाथला विमलताईंनी फोन करून सगळं सांगितलं.

"त्यात काय, ताई," साईनाथ म्हणाला. "मोबाईलवर मंगलाष्टकं लावू की. माझ्याकडं मोठा स्पीकर हाय. काका नुसते बसतील."

फोनचा आवाज मोठा होता. दत्तोपंतांनी ते ऐकलं आणि कॅलेंडरचं जुनं पान ओढून पाठीमागे एवढ्या जोरात लिहिलं की कागद फाटला : "डबडं लग्न लावणार? मी मेलो की लावा!"

"मग काय करायचं?" विमलताई वैतागून म्हणाल्या. "मी म्हणू?"

त्या सहज बोलून गेल्या. दत्तोपंतांनी बहिणीकडे पाहिलं. मग लिहिलं : "सगळी येतात?"

येत होती. लहानपणी वडील ओटीवर दत्तूला बसवून एकेक श्लोक घोकून घेत, तेव्हा आत भाकऱ्या थापणाऱ्या विमलचा श्लोक त्याच्याआधी पाठ होई. एकदा तिनं तो आतूनच मोठ्यानं म्हटला होता. वडील ओरडले नव्हते, नुसतं म्हणाले होते, "हळू गं, रस्त्यावर ऐकू जातं." पुढे ती नेरळच्या शाळेत बाई झाली, पस्तीस वर्षं कविता शिकवल्या. लग्न जमायचं ते राहून गेलं. त्याचं तिला फारसं दुःख नव्हतं. पण लोकांच्या लग्नात मात्र ती नेहमी मागच्या रांगेत उभी राही, अक्षता वाटायचं काम अंगावर घेऊन.

"येतात," विमलताई म्हणाल्या.

साडेचारला ती दोघं साईनाथशेजारी टेंपोत बसून निघाली. नेरळ मागे पडलं तशी दोन्ही बाजूंना कापणी झालेली शेतं लागली, मधेच कुठे झोडणीचं खळं, पेंढ्याच्या उडव्या. विमलताईंचे ओठ सारखे हलत होते. साईनाथनं गाणं लावायला हात पुढे केला, तेव्हा दत्तोपंतांनी त्यावर चापट मारली.

आळीच्या तोंडाशी साईनाथची बायको हर्षला उभी होती. ती विमलताईंची जुनी विद्यार्थिनी. "बाई, खरंच तुम्ही म्हणणार?" तिनं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता पळत जाऊन सगळ्या घरांत सांगून आली.

पहिलं लग्न तिच्याच सासूच्या, सोनुबाईंच्या अंगणात. वृंदावन गेरूनं रंगवलेलं, चारी बाजूंना ऊस बांधलेले, तुळशीला हिरव्या बांगड्या, झेंडूची माळ, पायाशी बोरं, चिंचा, आवळे. पितळी बाळकृष्ण पाटावर नवरदेव होऊन बसला होता. माणसंही जमलेली. विमलताई पुढे आल्या तशी कुजबुज झाली आणि शेजारच्या भागूबाईंनी मनातलं बोलून टाकलं.

"बाई, राग नका मानू. पण तुमचं स्वतःचं लगीन नाय झालं ना? मग दुसऱ्याचं लावलेलं चालतं का?"

सकाळपासून विमलताईंना भीती होती ती याच प्रश्नाची. दत्तोपंतांनी काहीतरी सांगायला तोंड उघडलं, पण दार नुसतंच करकरलं.

सोनुबाई वृंदावनाशी उकिडव्या बसून वात सारखी करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुळशीचं तरी कुठं झालंय, भागू? म्हणून तर जमलोय आमी समदी."

सगळं अंगण हसलं. भागूबाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या, आणि मग त्यांनीच अंतरपाटाचं एक टोक धरलं.

दत्तोपंत पूजेला बसले. मंत्र ओठांतल्या ओठांत, पण हात नेहमीसारखे सफाईनं चालत होते. अंतरपाट धरला गेला. त्यांनी बहिणीकडे बघून मान हलवली.

विमलताईंचा पहिला श्लोक त्यांचा त्यांनाच ऐकू आला असेल. दत्तोपंतांनी पंजा उताणा करून वर उचलला : आवाज वर. दुसरा श्लोक जरा बरा. पंजा अजून वर. तिसऱ्याला विमलताईंनी डोळे मिटले, श्वास भरून घेतला आणि पस्तीस वर्षं शेवटच्या बाकापर्यंत पोचलेला आवाज सोडला. आळीच्या टोकाला फटाके लावणारी मुलं थांबली. "शुभ मंगल सावधान!" म्हटल्यावर अक्षतांचा असा वर्षाव झाला की नवरदेव बुडाला आणि दत्तोपंतांच्या चष्म्यावर तांदूळ अडकले.

दुसऱ्या अंगणात पहिल्या अंगणातली सगळी माणसं आली. तिसऱ्यात दोन्हींची. मुलांच्या खिशांत चुरमुरे भरलेले, हातात उसाची कांडी. चौथं अंगण भागूबाईंचं. तिथे मधल्याच श्लोकाला विमलताईंना पुढची ओळ आठवेना.

मन कोरं झालं. सगळे थांबलेले, अक्षतांच्या मुठी वर उचललेल्या. अंतरपाट धरून भागूबाईंचे हात भरून आले. दत्तोपंत ओठ हलवून ओळ सांगू बघत होते, पण पणत्यांच्या उजेडात काही कळेना. विमलताईंची नजर भागूबाईंच्या उघड्या दारातून आत गेली. आत नव्या भातानं काठोकाठ भरलेली कणगी होती, आणि त्या कोऱ्या, गोडसर वासानं ओटी भरून गेली होती. काय होतंय ते कळायच्या आत त्या गायला लागल्या होत्या :

"आले भात घरी, भरून कणगी, झाली सुगी साजरी,
लेऊनी हिरवा चुडा तुळस ही दारी उभी नोवरी..."

दत्तोपंतांचे ओठ थांबले. हा श्लोक वडिलांनी शिकवलेला नव्हता. त्यांची बोटं आपोआप गुडघ्यावर मात्रा मोजू लागली. ओळीच्या शेवटाला बोट बरोबर पडलं, तेव्हा त्यांनी भुवया अशा उंचावल्या की चष्मा नाकावर घसरला. विमलताईंनी "सावधान" म्हटलं. क्षणभर कोणी अक्षताच टाकल्या नाहीत.

"आगं, आपल्या कणगीवर केलं का काय बाईंनी?" भागूबाई म्हणाल्या. "माझ्या घरावर?"

"मग माझ्या घरी का नाय म्हटलं?" सोनुबाई उसळल्या. "माझी कणगी काय रिकामी हाय?"

झालं. सगळ्या बायकांचा एकच कालवा. शेवटी असं ठरलं की उरलेल्या तिन्ही अंगणांत हा श्लोक व्हायचाच, आणि सोनुबाईंच्या दारी पुन्हा जाऊन एकदा म्हणायचा, लग्न आधीच लागलं असलं तरी. विमलताई हसत हसत सगळीकडे गायल्या. शेवटच्या अंगणात तर बायका त्यांच्याबरोबरच म्हणू लागल्या. हर्षलानं दोन ओळी मोबाईलवर लिहून घेतल्या होत्या.

आठ वाजता सोनुबाईंच्या ओटीवर पानं मांडली. भटजींसाठी दरवर्षी वेगळा पाट असे. हर्षलानं तो मांडला, दत्तोपंत सवयीनं त्याच्याकडे निघाले, आणि अर्ध्या वाटेत थबकले. मग त्यांनी विमलताईंचा हात धरून त्यांना त्या पाटावर बसवलं आणि स्वतः शेजारी साध्या चटईवर मांडी घातली.

"दादा, अरे, काय हे?" विमलताई संकोचून म्हणाल्या.

दत्तोपंतांनी घसा खाकरला. फाटका, खरखरीत, पण शब्द निघाला. "बस."

सोनुबाई सूप घेऊन आल्या. सुपात नवे तांदूळ, नारळ, खण. "बाई, पदर पसरा."

"अहो, माझी कशी ओटी... मी काही..."

"पसरा म्हणते ना. सात लग्नं लावलीत. मी आयुष्यात दोनच लावली, पोरांची, आन् त्यातबी निम्मा येळ रडण्यात गेला."

विमलताईंनी पदर पसरला. सोनुबाईंनी ओंजळीओंजळीनं तांदूळ घातले. पदर जड झाला, आणि विमलताईंना समोरचं पान थोडा वेळ नीट दिसेना.

जेवणं उरकत असताना हर्षलाची मामी पुढे आली. ती कोंडाण्याहून पाहुणी आली होती आणि सातही अंगणं फिरली होती. तिच्या गावातल्या काही घरांची लग्नं पौर्णिमेला असत.

"काका," ती दत्तोपंतांना म्हणाली, "आमच्याकडं ताईंना पाठवाल का?"

दत्तोपंतांनी बोट नुसतं शेजारच्या पाटाकडे केलं.

"मलाच विचारा," विमलताई म्हणाल्या, आणि भाताचा घास बोटांनी गोळा करत पुढे विचारलं, "किती अंगणं आहेत?"

"नऊ."

"येते. पण कोंडाण्यावर वेगळा श्लोक करावा लागेल. तुमच्याकडे यंदा काय काय पिकलंय, ते आधी सांगा बघू."

मामी पानासमोरच बसली आणि सांगू लागली.