नाकाच्या आतलं अस्तर

मी हळू बोलतो, सांभाळून घ्या. मी एका माणसाच्या नाकाच्या आतलं अस्तर बोलतोय. गालामागे, भुवयांमागे हाडांत पोकळ्या असतात. तिथवर मी पसरलेलो आहे. कागदाहून पातळ, कायम ओला.

माझ्या अंगावर डोळ्यांना न दिसणारे केस आहेत. आत आलेली धूळ ते डुलत डुलत बाहेर लोटतात. एवढंच माझं काम. कौतुकाचं नाही, पण थांबलं तर कळतं.

माझा माणूस दूध केंद्रावर कामाला. कॅनचं झाकण उघडायचं, वाकून वास घ्यायचा आणि चांगलं दूध टाकीत ओतायचं. सगळे त्याला 'वासवाले काका' म्हणत.

त्याला सर्दी व्हायची. ती पुरती जायच्या आत दुसरी यायची. मी सुजलो, आणि सूज मुक्कामालाच राहिली. माझे केस झडले, खालचा थर जाड झाला. मग माझ्यावर कोंब आले, सोललेल्या द्राक्षांसारखे मऊ, फिकट. वासाची वाटच बुजली.

त्यानं कुणाला सांगितलं नाही. नाकावर पोट होतं त्याचं. तो झाकण उघडायचा, वाकायचा आणि हळूच दूध आणणाऱ्याचं तोंड बघायचा. ज्यानं नजर चुकवली, त्याचा कॅन बाजूला. बरेच दिवस निभावलं.

मग एक दिवस एका गायीवाल्या आजींचं दूध वाटेत आंबलं. आजींना पत्ताच नव्हता. त्यांचा चेहरा स्वच्छ, म्हणून यानं दूध ओतलं. अख्खी टाकी नासली.

केंद्राचे साहेब आजींवर ओरडले, "उद्यापासून तुमचा कॅन बंद!"

"अहो, पण काकांनी वास घेतला की," आजी म्हणाल्या. "काका, सांगा ना."

त्यानं हातातलं झाकण खाली ठेवलं. 

"साहेब, चूक माझी आहे. मला वासच येत नाही."

"कधीपासून?"

"बरेच दिवस झाले."

 साहेब म्हणाले, "आजींचा कॅन चालू राहील. तुम्ही उद्यापासून कॅन धुवा. नाक नीट झालं, तर बघू."

घरी हे कळल्यावर बायको म्हणाली, "मला वाटायचं, माझ्या हाताची चव गेली, म्हणून तुम्ही मुकाट जेवता!" हसता हसता तिनं डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन दवाखान्यात गेली.

औषधानं भागलं नाही, तेव्हा डॉक्टरबाईंनी दुर्बिणीनं कोंब काढले आणि एक तुकडा तपासायला पाठवला.

"संपलं ना आता?" तपासणीचा अहवाल आला तेव्हा त्यानं विचारलं.

"कोंब काढले. अस्तर तुमचं तुमच्याजवळच आहे. तपासणीत ज्या प्रकारची सूज दिसली, तिच्यात कोंब परत येऊ शकतात. म्हणून रोज मिठाच्या पाण्यानं नाक धुवायचं, औषधाचा फवारा मारायचा."

"किती दिवस?"

"दिवस मोजू नका, काका."

वास एकदम आला नाही. आधी साबणाचा आला, मग तापल्या तव्याचा. आंबलेलं दूध ओळखू आलं, त्या दिवशी तो कॅनपाशी उगाच रेंगाळला. साहेबांनी त्याच्यासमोर पाच-सहा कॅन ठेवून परीक्षा घेतली आणि त्याला जागेवर परत उभं केलं. आता नाक चोंदलं की तो आपणहून सांगतो, "आज दुसऱ्या कुणाला तरी वास घेऊ द्या." त्यात त्याला कमीपणा वाटत नाही.

मी मात्र पूर्वीसारखा झालेलो नाही. काही ठिकाणी केस उगवले, काही ठिकाणी नाही. कुठे कुठे अजून जाडच आहे.

परवा तो मोरीपाशी म्हणाला, "आज राहू दे. बरं वाटतंय."

"धुता म्हणूनच बरं वाटतंय," बायकोनं ठणकावलं. "वाका!"

तो वाकला. पाणी माझ्यावरून सरकलं, इतकं सुख वाटलं.

माझ्या गड्या, बायको रोज सांगायला असेलच असं नाही. माझा आवाज तर तुझ्यापर्यंत पोचतच नाही. मी फक्त सुजतो, तेवढीच माझी भाषा. ती वेळ येऊ देऊ नकोस. पाणी उकळून घे, कोमट होऊ दे, आणि बरं वाटत असेल त्या दिवशीही वाक.