मला अडू दिलं नाही

सकाळचे सात. बंगळुरात येलहंक्यातल्या एका खाजगी रुग्णालयाचं स्वयंपाकघर. कोपऱ्यातला जुना संगणक सुरू झाला आणि रोजच्यासारखं मला चालवलं गेलं. मी मॅक्रो बोलतोय. एक्सेलच्या तक्त्यामागे बसून सांगितलेलं मुकाट करणारा छोटा प्रोग्राम. मला तोंड नाही. असतं तर लपवलं असतं.

एचएसआर लेआउटमधल्या संहितानं मला तिच्या नव्या लॅपटॉपवर लिहिलं. काम साधं. रुग्णाचा आजार बघायचा, पथ्य ठरवायचं, ताटाबरोबर जाणारी चिठ्ठी छापायची. आजार दोन असले तर दोन्हींची पथ्यं जोडायची. या जोडणीसाठी तिनं नवं फंक्शन वापरलं.

इथलं एक्सेल जुनं. त्याला हे फंक्शन ठाऊकच नव्हतं. दोन आजारांचा रुग्ण आला की मी अडायचो, पडद्यावर एरर दाखवायचो. मग आहार बघणाऱ्या पद्मावती अक्का तेवढी चिठ्ठी हातानं लिहायच्या. कुरकुरायच्या, पण लिहायच्या. तेच माझे इज्जतीचे दिवस.

व्यवस्थापक सुधींद्र यांना ते खुपलं. त्यांनी संहिताला बोलावलं.

“तपासणीला माणसं येतात आणि पडद्यावर हे?”

“सर, नवीन व्हर्जन घ्या ना. नाहीतर जुन्यासाठी तेवढा भाग परत लिहावा लागेल. दोन दिवस द्या.”

“दोन दिवस कशाला? एरर दिसायला नको, एवढंच कर की!”

तिनं एक ओळ घातली: चूक झाली तरी न थांबता पुढे जा. सगळे खूश. कुणी चिठ्ठ्या ताडून पाहिल्या नाहीत. आता जोडणी फसली तरी मी गप्प राहणार होतो आणि हाती उरलेलं मागच्या रुग्णाचं पथ्य पुढच्याच्या नावावर छापणार होतो.

दुसऱ्याच दिवशी गुंडूराव आले. चिकपेटचे जुने कापडवाले. साखर आणि किडनी, दोन्ही दुखणी. त्यांना एळनीर, म्हणजे शहाळं, सक्त मना. किडनी धड नसली की त्यातलं पोटॅशियम हृदयावर येतं. यादीत त्यांच्या आधी डेंग्यूचा रुग्ण होता. त्याला दिवसातून तीनदा शहाळं. मी तेच छापलं.

“बघ गे भव्या, देव पावला! एळनीर!” ते लेकीला म्हणाले.

“अप्पा, थांबा स्वल्प. अक्कांना विचारून येते.”

“काय विचारतीस? माझं नाव छापून आलंय. कंप्यूटरला काय माझ्याशी वैर?”

लेक हसली. ते तळापर्यंत प्यायले. दुपारीही प्यायले. संध्याकाळचं अर्धं तसंच राहिलं.

गुंडूराव अतिदक्षता विभागात आहेत, अजून शुद्धीवर नाहीत. चौकशीत ‘स्वयंपाकघराची हयगय’ ठरली, अक्कांना घरी बसवलं. मला उघडून पाहण्याची तसदी कुणी घेतली नाही. मला पुसून टाका, नाहीतर पुन्हा अडू द्या. अडत होतो तोवर मी कुणाचा घात केला नव्हता.

भव्या रोज येते. “चिठ्ठीवर ते आलं कुठनं, सर?”

“बघतो,” सुधींद्र म्हणतात.

ती ओळ अजून माझ्यात आहे. आजही चिठ्ठ्या निघाल्या, ताटं वर गेली. दोन आजारांचे रुग्ण वर आजही आहेत. एकही एरर आला नाही.