दर्शनाच्या निळ्या सूचना

मित्रांनो, संगणकात पडून असलेली मी एक जुनी, छोटीशी फाइल आहे. प्रोग्रामची प्रत छापायला निघाली की त्यातल्या कोणत्या ओळीला कोणता रंग द्यायचा, हे मी सांगते.

मरोळच्या एका कारखान्यात दर्शनाने मला लिहिले. पत्रा दाबणाऱ्या यंत्राचा प्रोग्रामही तिचाच. यंत्र दुरुस्त करणारे नाना त्याची छापील प्रत समोर ठेवूनच काम करत, म्हणून ती मधे मधे त्यांच्यासाठी मराठीत सूचना लिहून ठेवी. पण नानांना लाल आणि हिरवा यांतला फरक कळत नसे. सॉफ्टवेअरमधल्या तयार लाल-हिरव्या रंगांत त्यांना सगळ्या ओळी सारख्याच दिसत. दर्शनाने आठवडाभर रंग बदलून पाहिले. शेवटी सूचना गडद निळ्या आणि ठळक केल्या.

"नाना, आता दिसतंय का?"

"दिसता गो बाय! झकास!"

त्या दिवशी मला फार अभिमान वाटला.

मग दर्शना आजारी पडली आणि पंधरा दिवसांत गेली. तिचे काम मिथुनकडे आले. त्याने नवे सॉफ्टवेअर टाकले आणि मला एका फोल्डरमध्ये ढकलून दिले. नवी प्रत निघाली, तेव्हा दर्शनाच्या सूचना फिकट करड्या रंगात छापल्या गेल्या. कागदावर त्यांची जेमतेम सावली उरली. मी आतून ओरडत होते, पण फाइलचे ओरडणे कुणाला ऐकू येणार?

त्या प्रतीवरून काम करताना नानांची दोन बोटे यंत्रात गेली.

हादरलेल्या मिथुनने सगळा प्रोग्राम ओळ न् ओळ वाचला. मला शोधून काढले, प्रत पुन्हा छापली. नाना पट्टी बांधलेला हात सांभाळत आले, तेव्हा त्याने ते पान पुढे केले. त्यावर निळे, ठळक लिहिले होते : 'नाना, थांबा. दाब सोडल्याशिवाय आत हात घालू नका. – दर्शना.'

नानांनी दर्शनाच्या नावावर चांगल्या हाताचे बोट ठेवले.

"चेडू सांगत होता रे," ते म्हणाले. "माकाच दिसूक नाय."

"चूक माझी, नाना. मला वाटलं, रंगच तर आहेत."

आता प्रत्येक प्रत मीच रंगवते. एकेक निळी ओळ उमटू लागली की दर्शना खुर्चीत येऊन बसल्यासारखी वाटते. खुर्चीत मिथुन असतो. तोही कधी कधी मागे वळून बघतो.

मित्रांनो, गेलेल्या माणसाचे काम बाजूला सारण्याआधी एकदा उघडून वाचा. त्यात ते माणूस अजून कुणाला तरी थांबवत असेल.