पुलापलीकडची घरं

पूल संपला की शहर संपतं आणि खाण ओलांडल्याशिवाय गाव लागत नाही. मधल्या उतारावर आमची तीसेक घरं. दोघांच्याही हद्दीबाहेर.

त्या दिवशी सासूबाई अंगणातल्या पायरीवरून घसरल्या. उठवायला गेले, तर किंचाळल्याच. मी शहरात अँब्युलन्ससाठी फोन लावला.

"वॉर्ड कुठला?"

"वॉर्ड नाही आम्हाला. पुलापलीकडे, उतारावर."

"आमची हद्द पुलापर्यंत. गावाला फोन करा."

गावच्या दवाखान्यातला माणूस म्हणाला, "खाणीच्या अलीकडे आमची गाडी येत नाही, ताई."

माझं डोकं फिरलं. पुन्हा शहराला फोन, पुन्हा तोच वॉर्ड. सासूबाई खालून कण्हत म्हणाल्या, "मी कुठं पडले ते ठरेपर्यंत डोक्याखाली उशी तरी दे गं!"

शेवटी शहरवाले पुलावर गाडी पाठवायला तयार झाले. शेजारच्या सुतारकाकांनी नवाकोरा दरवाजा आणला. त्यावर सासूबाईंना अलगद घेतलं आणि आम्ही चौघं उतार उतरू लागलो. प्रत्येक हिसक्याला त्या आम्हाला शिव्या घालत होत्या. मलाही घालाव्याशा वाटत होत्या, पण कुणाला घालायच्या तेच कळेना.

गाडी पुलाच्या शहराकडच्या टोकाला उभी. ड्रायव्हर हात हलवून आम्हालाच बोलावत होता.

"पुढे घ्या ना गाडी!" मी ओरडले.

"परवानगी नाही!"

सासूबाईंनी मान उचलली. "अरे ए, तू येतोस की मी चालत येऊ?"

तो ओशाळला. गाडी थेट आमच्यापाशी आणली.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर विचारपूस करायला वॉर्डात आला. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "यापुढे थेट मला फोन करा. रस्ता चुकलो म्हणून सांगेन साहेबांना."

महिन्याभरात तो दोनदा रस्ता चुकला. एकदा सुतारकाकांच्या छातीत दुखलं तेव्हा, एकदा समोरच्या सुनेच्या बाळंतपणाला. दोन्ही वेळा सगळं सुखरूप पार पडलं.

आमचे हे म्हणतात, "चला, प्रश्न मिटला!"

कसला मिटला? परवा त्याचा फोन आला. पुढच्या आठवड्यापासून त्याची बदली आहे.