चौथा आठवडा

गोष्ट एकोणीसशे सदुसष्ट सालची. धाकटी तेव्हा वैद्यकीय कॉलेजात शरीररचना शिकवायची. फॉर्मालिनच्या वासाची एक लांबट खोली तिच्या ताब्यात होती. काचेच्या कपाटात मेणाचे गर्भ वाढीच्या क्रमाने मांडलेले असत, आणि त्यांच्यावर धूळ बसलेली तिला खपत नसे.

त्या साली तिच्या ताईचं बाळ उघडी पाठ घेऊन जन्मलं आणि दोन दिवसांत गेलं. तेव्हापासून भाऊजींनी ताईला बडवायला सुरुवात केली. मालट्रक चालवून त्यांचे हात लोखंडासारखे झालेले. "पोटुशी असताना बादल्या उचलल्यास, म्हणून पोराची पाठ फाटली!" असं म्हणत त्यांनी तिचा कान फोडला, पुढचा दात पाडला. सासू उंबऱ्यात बसून तेल ओतायची, "माझ्या वेळी आम्ही नाही हो असलं काही जन्माला घातलं."

धाकटीला वाटलं, माणसाला खरं काय ते कळलं की त्याचा हात खाली येईल. तिने भाऊजींना कॉलेजात बोलावलं.

"काय मास्तरीणबाई," खोलीत शिरताच ते नाक दाबून म्हणाले, "आज मढ्यांशी ओळख करून देणार वाटतं!"

"बसा भाऊजी. हे बघा. सुरुवातीला गर्भाच्या पाठीवर नुसती एक सपाट पट्टी असते. मग तिला मधोमध खाच पडते, कडा वर उचलतात आणि एकमेकींना भिडून नळी होते. तिचाच पुढे मेंदू होतो आणि मज्जारज्जू, म्हणजे पाठीच्या कण्यातला दोर. वरचं टोक मिटलं नाही तर डोकं उघडं राहतं, खालचं मिटलं नाही तर पाठ."

"हे कधी होतं?"

"चौथ्या आठवड्यात. बाईला दिवस गेल्याचं धड ठाऊकही नसतं तेव्हा. बादल्यांचा काय संबंध?"

भाऊजी कपाटाच्या काचेवर बोट टेकवून मेणाचे गर्भ एकेक मोजू लागले. "आठवड्यांचा हिशेब एवढा पक्का असतो होय?"

"अगदी पक्का."

ते उठून गेले. धाकटी खुशीत ट्रे धुवायला बसली, आणि हातातला ट्रे तसाच राहिला. तिची पुस्तकं गर्भ राहिल्यापासून मोजत. हॉस्पिटलवाले मोजत शेवटच्या पाळीपासून, म्हणजे गर्भ राहण्याच्या दोन आठवडे आधीपासून. ताईला त्यांनी सांगितलं होतं, चाळीस आठवडे पुरे भरलेत. भाऊजी तेवढे आठवडे मागे गेले, तर कुठे पोचणार? ट्रकचा गिअरबॉक्स मोडून ते परगावी अडकले होते त्या दिवसांत, आणि बाळ तर ते परतल्यावर राहिलं होतं! मेणाच्या गर्भांत दिवस काढणाऱ्या धाकटीला ही दुसरी मोजणी सांगायचं सुचलंच नव्हतं.

ती धावत सुटली.

दार सासूने उघडलं. म्हातारीने तिला हाताला धरून आत ओढलं. स्वयंपाकघरात ताई पालथी पडली होती, फरशीवर रक्ताचे फराटे उमटले होते. भाऊजींच्या हातात टायर खोलायची लोखंडी टॉमी होती.

"कोणाचं होतं? नाव सांग!"

"भाऊजी, थांबा!" धाकटी ओरडली. "त्यातले पहिले दोन आठवडे पोटात काही नसतंच! हॉस्पिटलवाले पाळीपासून मोजतात!"

"मघाशी एक, आता एक? बहिणीचं पाप झाकतेस?"

टॉमी ताईच्या कमरेत बसली. ओल्या लाकडावर कुऱ्हाड पडावी तसा आवाज झाला. ताईचे पाय लुळे पडले.

टॉमी पुन्हा उचलली गेली, तेवढ्यात म्हातारीने लेकाच्या मनगटाचा कडकडून चावा घेतला. त्याने तिला झटकलं. तिचं डोकं भिंतीवर आपटलं. धाकटीच्या हाती बिडाचा तवा लागला. कोपराच्या आतल्या बाजूला मागे हाताचा एक मज्जातंतू हाडालगत अगदी कातडीखालून जातो. तिने तवा नेमका तिथेच घातला. भाऊजींची बोटं सुटली, टॉमी खणकन पडली. ती थांबली नाही. दुसऱ्या घावाला हाड मोडल्याचं तिला कळलं. तरी तिसरा घातला.

भाऊजी कोपर पोटाशी धरून विव्हळत बसले.

"माझे पाय कुठे गेले गं?" ताई कण्हली.

धाकटीने बोटांनी तिच्या पाठीचे मणके चाचपले. गर्भात मज्जारज्जू कण्याच्या टोकापर्यंत असतो. पुढे हाडं भराभर वाढतात, तो मागे पडतो आणि मोठ्या माणसात कमरेच्या जरा वरच संपतो. त्याखाली नुसता तंतूंचा झुपका असतो, घोड्याच्या शेपटीसारखा. तो चेचला तरी थोडीफार आशा असते. घाव खाली होता. तिने केसांतली पिन काढून ताईच्या पायाच्या अंगठ्यात खुपसली.

"मेले, टोचतंय ना!" ताई किंचाळली.

धाकटी फरशीवरच बसली आणि हमसून हमसून रडली.

ताई वर्षभराने काठी घेऊन चालू लागली. डावा पाय मात्र जन्मभर ओढत राहिला. ती धाकटीकडेच राहिली, आणि शिवणकामाचं दुकान चालवून तिने दोघींचं घर बांधलं. भाऊजी तुरुंगात गेले. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट कायमची आखडली, स्टिअरिंग धरता येईना. पुढे एका गोदामावर राखणदार असतानाच ते वारले. धाकटीने लग्न केलं नाही. निवृत्त होईपर्यंत शिकवलं, पण घरात बिडाचा तवा कधी येऊ दिला नाही.

सासू लेकाविरुद्ध कोर्टात बोलली आणि तिथूनच गाठोडं घेऊन सुनेच्या मागे आली. मरेपर्यंत ती सुनेच्या हातचं जेवली, आणि मरेपर्यंत त्यात मीठ कमी असल्याची तक्रार केली.